वैशाखातला एक दिवस : आपल्या डोंगराचे बर्फ पाहायला चला

वैशाख महिना म्हणजे कोकणातल्या शेतकऱ्याचा थोडासा मोकळा काळ. भाजावळ आटोपलेली असते, आंब्याच्या शेवटच्या पेट्या बाजाराला रवाना होत असतात, शाळांना सुट्टी असते आणि मृगाला अजून दोन-तीन आठवडे अवकाश असतो. मुंबईहून चाकरमानी मंडळी आलेली असतात. पडवी पोराबाळांनी भरून जाते. या दिवसांतला एक दिवस डोंगरासाठी राखून ठेवा, असे आम्ही चिपळूण, खेड, संगमेश्वर आणि आसपासच्या वाचकांना सुचवणार आहोत.

तुम्ही म्हणाल, डोंगर तर रोजचाच आहे. लाकूडफाट्याला जातो, गुरे चारायला जातो, करवंदे काढायला जातो. त्यात सहल कसली? पण आम्ही सांगतो ती चाल वेगळ्या कामाची आहे. ऐन उन्हाळ्यात डोंगराच्या पोटात पाणी कुठे लपून बसते, हे डोळ्यांनी पाहून यायचे आहे. ज्या घरात मे महिन्यात हंड्या-कळशांची रांग लागते, त्या घराला या चालीचा उपयोग नक्की होईल.

हिमालयाचे बर्फ आणि आपले बर्फ

तुमच्या गावातले कोणी ना कोणी चारधाम यात्रा करून आले असेल. गंगोत्रीच्या देवळापासून सुमारे १८ किलोमीटर चढत गेले की गोमुख लागते. तेथे सुमारे ३० किलोमीटर लांबीची हिमनदी संपते आणि तिच्या तोंडातून भागीरथी बाहेर पडते. हिमनदी म्हणजे साचून साचून दगडासारखे घट्ट झालेले आणि अगदी हळूहळू खाली सरकणारे बर्फ. उन्हाळा जितका कडक, तितके हे बर्फ अधिक वितळते. म्हणून हिमालयातल्या मोठ्या नद्यांना वैशाख-ज्येष्ठात, म्हणजे शेताला गरज असते तेव्हाच, पाणी वाढते. उत्तरेकडचा शेतकरी त्या बर्फाकडे पाण्याची पेढी म्हणून पाहतो.

आपल्या सह्याद्रीवर बर्फ पडत नाही. आपल्याकडे आभाळातून जे काही यायचे ते चार महिन्यांत येते. चिपळूण भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वर घाटमाथ्यावर, नवजा-महाबळेश्वरकडे, तो पाच हजारांच्याही पुढे जातो. ऑक्टोबरात पाऊस थांबला की पुढचे सात-आठ महिने आभाळ जवळजवळ कोरडे. तरीही काही पऱ्ये डिसेंबरपर्यंत वाहतात, काही होळीपर्यंत, आणि थोडे झरे असे आहेत की मृगाचा पहिला थेंब पडेपर्यंत ठिबकत राहतात. हे पाणी येते कुठून?

ते येते डोंगराने पावसाळ्यात पोटात साठवलेल्या पाण्यातून. रानाची भुसभुशीत माती आणि खडकाच्या भेगा हीच आपली हिमनदी. फरक इतकाच की ती पांढरी दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून तिची किंमतही कळत नाही. ती पाहायची तर उन्हाळ्यातच गेले पाहिजे. पावसाळ्यात सगळाच डोंगर वाहतो, तेव्हा खरे पाणी धरून ठेवणारी जागा कोणती आणि नुसते वाहून घालवणारी कोणती, ते ओळखू येत नाही.

जायचे कुठे?

अशा चालीला आपल्या भागात उत्तम ठिकाण म्हणजे नागेश्वर. चिपळूणहून मुंबई-गोवा महामार्गाने परशुराम घाट चढून, लोट्यावरून खेडच्या बाजूला यायचे आणि पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले चोरवणे गाव गाठायचे. गावाच्या डोक्यावर सह्याद्रीची भिंत उभी आहे. त्या भिंतीच्या माथ्याजवळ, कड्याच्या पोटात निसर्गाने कोरलेली भली मोठी गुहा आहे. तिच्यात महादेवाचे स्थान आहे, आणि गुहेच्या छतातून पिंडीवर पाण्याचे थेंब बारमाही पडत असतात. महाशिवरात्रीला खेड-चिपळूण भागातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या हा डोंगर चढून दर्शनाला जात आली आहेत. शेजारीच वासोट्याचा किल्ला आहे. तो घनदाट रानातला आणि मराठेशाहीत कैदी ठेवण्यासाठी प्रसिद्ध असलेला.

येथे एक गोष्ट आधीच सांगतो. माथ्यावरचा हा भाग कोयना अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले, २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत याचाही समावेश आहे. तेव्हा वन खात्याची परवानगी घेतल्याशिवाय वर जायचे नाही. निघण्यापूर्वी वन खात्याच्या कचेरीत चौकशी करा, नियम विचारा आणि ते पाळा. परवानगी नसेल तर नागेश्वराचा हट्ट धरू नका. तुमच्या गावाच्या माथ्यावरचा जो पऱ्या सर्वांत उशिरा आटतो, त्याच्या उगमापर्यंत चालत गेलात तरी हाच धडा मिळेल.

शिदोरी आणि सावधगिरी

नागेश्वराची चढण खडी आहे. चालत्या माणसाला वर जायला तीन ते चार तास लागतात. म्हणून झुंजुमुंजू झाले की पाऊल उचलायचे, नऊ-दहाच्या आत मोठी चढण संपवायची आणि दुपारी ढग जमायच्या आधी उतरणीला लागायचे. वैशाखात वळवाचा पाऊस सांगून येत नाही. वीज कडाडू लागली तर माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका.

माणशी तीन लिटर तरी पाणी घ्या. वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची नाहीतर लसणीची चटणी, कांदा, गूळ-खोबरे आणि बाटलीत कोकमाचे आगळ बरोबर असावे. घाम गेल्यावर आगळाचे मीठ-पाणी फार उपयोगी पडते. डोक्याला टोपी किंवा पदर, पायात घट्ट बूट, हातात काठी. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना आणि छातीचा किंवा गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना पायथ्याशीच थांबवा. गावातला जाणता माणूस, धनगरवाड्यावरचे कोणी मामा बरोबर असल्याशिवाय रानवाटेला लागू नका.

कड्यांना आग्या मोहोळ असते. तेथे धूर करू नका, विडी ओढू नका, मोठ्याने ओरडू नका. गवा दिसला तर आहे तेथेच थांबा आणि त्याला वाट द्या. रानात शेकरूही दिसेल. तांबूस अंगाची, लांब शेपटीची ही मोठी खार आपल्या राज्याचा प्राणी आहे. तिला पाहायचे तर तोंड बंद ठेवून चालले पाहिजे.

चढताना काय पाहावे?

या चालीत तीन टप्पे लागतात. प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटे थांबा.

पहिला टप्पा गावाजवळचा, उघड्या उताराचा. गवत वाळून पिवळे झालेले, काही ठिकाणी वणव्याने काळे पडलेले. पऱ्यात नुसते गोटे. येथे एक साधा प्रयोग करा. पेलाभर पाणी उघड्या, तापलेल्या जमिनीवर ओता. ते क्षणभर थबकते आणि मातीच्या कडक पापुद्र्यावरून उताराकडे धावू लागते. आषाढातला पाऊसही येथे असाच धावतो आणि जाताना माती घेऊन जातो.

दुसरा टप्पा रानाचा. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी, ऐन, किंजळ अशी झाडे, खाली कारवी आणि करवंदीच्या जाळ्या. उन्हाचा ताव एकदम कमी होतो. पायाखाली पाचोळा असतो. काठीने तो बाजूला सारा आणि खालची माती हातात घ्या. वैशाखातही ती थोडी दमट लागेल, कुजलेल्या पानांचा वास येईल. पेलाभर पाणी येथेही ओतून पाहा. बघता बघता ते खाली जिरून जाते. झाडांच्या मुळांनी, वाळवीने, गांडुळांनी या मातीत असंख्य बारीक वाटा करून ठेवलेल्या असतात. त्या वाटांनी पावसाळ्यातले पाणी डोंगराच्या पोटात शिरते.

तिसरा टप्पा कड्याचा. आपला सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून बाहेर आलेल्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. एक थर निवला, त्यावर दुसरा आला, अशी ही भाकऱ्यांची चवड आहे. काळा, घट्ट थर पाणी पीत नाही, पण त्याला भेगा असतात. दोन थरांच्या सांध्यात कुठे भोकाभोकांचा सच्छिद्र खडक असतो, कुठे गेरूसारखा तांबडा मातकट पट्टा असतो. वरून भेगांतून उतरलेले पाणी या सांध्याशी अडते आणि आडवे सरकत कड्याच्या अंगाला येते. तेथे झरा फुटतो. कडा लांबून पाहिला तर भर उन्हाळ्यात एखादी हिरवी रेघ दिसेल, शेवाळाचा किंवा नेच्याचा पट्टा दिसेल. ती हिरवी रेघ म्हणजे सांध्यातून पाझरणारे पाणी समजा. नागेश्वराच्या छतातून पडणारा थेंबही खडकातून असाच झिरपत आलेला असतो. भाविकाला तो देवाचा अभिषेक वाटतो, आणि तसे वाटण्यात काही वावगे नाही. पण त्या अभिषेकाचे पाणी माथ्यावरच्या रानाने आणि खडकाने जपून ठेवलेले आहे, हेही नमस्कार करताना ध्यानात असावे.

एका धारेचे दोन थेंब

खिंडीत पोहोचलात की जरा बसा. येथून एक वाट नागेश्वराकडे आणि एक वासोट्याकडे जाते. पश्चिमेला आपले कोकण खोल खाली पसरलेले दिसते. पूर्वेला दाट रान आणि त्यापलीकडे कोयनेचे खोरे. तुम्ही जलविभाजक धारेवर बसला आहात.

या धारेच्या पश्चिम अंगावर पडलेला थेंब खेड तालुक्यातल्या पऱ्यांतून, ओढ्यांतून उतरतो. खेडजवळून वाहणारी जगबुडी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि ते पाणी दाभोळच्या खाडीने समुद्राला जाते.

पूर्व अंगावर पडलेला थेंब कोयनेच्या शिवसागर जलाशयात उतरतो. पूर्वी तो कराडला कृष्णेत मिसळून थेट बंगालच्या उपसागराला जाई. माणसाने त्याची वाट बदलली. कोयना धरणात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. त्यातले वर्षाला सुमारे ६७.५ टीएमसी पाणी वीज करण्यासाठी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडता येते. ते पावणेपाचशे मीटर खाली कोसळून पोफळीच्या भूमिगत वीजघरातली चक्रे फिरवते. १९६२ पासून हे चालू आहे. तेथून ते कोळकेवाडीच्या धरणात येते, पुन्हा वीज देते आणि शेवटी वाशिष्ठीत पडते. चिपळूणची माणसे त्याला कोयनेचे अवजल म्हणतात. वैशाखात शेजारच्या नद्या कोरड्या पडतात तेव्हाही चिपळूणला वाशिष्ठी वाहताना दिसते, ती या अवजलामुळे.

म्हणजे पाहा, धारेच्या दोन अंगांना पडलेले दोन थेंब निराळ्या वाटांनी एकाच खाडीला येऊ शकतात. या पाण्यासाठी कोयना खोऱ्यातली कितीतरी गावे पाण्याखाली गेली, माणसांनी घरेदारे, देव आणि शेते सोडली. पुढे अभयारण्यासाठीही काही वस्त्या उठल्या. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली हे गाव त्यांपैकीच. आपल्या घरातला दिवा आणि चिपळूणच्या नदीतले पाणी यांच्यामागे त्या माणसांचाही वाटा आहे.

पण अवजल फक्त नदीकाठाला मिळते. उतारावरच्या वाड्यांना, धनगरवाड्यांना त्याचा काय उपयोग? वाशिष्ठीच्या पुलावरून वाहते पाणी दिसते आणि डोंगरातल्या वाडीवर मार्चपासून टँकरची वाट पाहावी लागते, ही चिपळूण-खेडची दरवर्षीची परिस्थिती आहे. त्या वाड्यांचा जीव डोंगरातल्या झऱ्यांवरच अवलंबून आहे.

साडेतीन लाख लिटर गेले कुठे?

हिशोब मांडून पाहू. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की एक लिटर पाणी होते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. साडेतीन हजार मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर वर्षाला साडेतीन लाख लिटर पाणी पडते. आता घराची गरज पाहा. माणशी रोज ५५ लिटर धरले तर पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर आणि वर्षाला सुमारे एक लाख लिटर लागते. म्हणजे तुमच्या एका गुंठ्यावर तुमच्या घराच्या गरजेच्या तिप्पट पाणी दरवर्षी पडते. तरी मे महिन्यात वहिनी आणि लेकी डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढतात!

पाऊस कमी नाही, तो धरून ठेवणारे कमी झाले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक रान खासगी मालकीचे आहे. घरात लग्न निघाले, आजारपण आले, मुलाच्या शिक्षणाला पैसे हवे झाले की डोंगरावरचे रान लाकूडवाल्याला किंवा कोळशाला दिले जाते. अडचणीतल्या माणसाला दोष देऊन काय होणार? पण त्या सौद्यात फक्त लाकडाची किंमत होते. त्याखाली बांधलेली पाण्याची पेढी फुकट जाते, आणि तिची किंमत खालच्या वाडीतल्या बायका पुढे अनेक उन्हाळे डोक्यावर हंडा घेऊन चुकत्या करतात.

उघड्या डोंगराचे दुसरे तोंड पावसाळ्यात दिसते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुराने बुडाले आणि त्याच दिवसांत खेड तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळून माणसे गाडली गेली. तो पाऊसच विलक्षण होता, तेव्हा सगळा दोष तोडलेल्या रानावर टाकणे बरोबर होणार नाही. पण उघड्या उतारावरून धावत येणारे पाणी आणि माती पुराचा जोर वाढवते आणि नदीचे पात्र गाळाने भरते, एवढे खरे.

येथे एक शंका काही वाचक काढतील : झाडे स्वतः पाणी पितात, मग झाडांनी पाणी वाढते कसे? शंका बरोबर आहे. झाड पाणी पितेच. कोणतेही झाड कुठेही लावले की झरा फुटतो असे नाही. सरसकट ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून टेकडी हिरवी दिसेल, पण जुन्या मिश्र रानासारखी पाचोळ्याची, मुळांची आणि झुडपांची भुसभुशीत जमीन लगेच तयार होत नाही. म्हणून असलेले रान राखणे हे नवे लावण्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे काम आहे.

घरी आल्यावर करायची कामे

पाय दुखायचे थांबले की पुढील गोष्टी कराव्यात. यांतली एकही फार खर्चाची नाही.

झरा मोजा. ठरावीक मापाची बादली धारेखाली धरा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. मिनिटाला फक्त एक लिटर देणारी बारीक धार दिवसाला १,४४० लिटर पाणी देते. माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने पाच घरांची ती गरज आहे. जिला आपण ‘काय करंगळीएवढी धार’ म्हणतो, ती टाकीत धरली तर पाच घरे तगतात. रात्रभर वाहून जाते तेच पाणी सकाळी आपण टँकरमधून मागतो.

झऱ्याचे डोके राखा. झरा जेथे फुटतो त्याच्या वरच्या बाजूचे रान तोडू नका, तेथे गुरे बसवू नका, जेसीबीने सपाटी करू नका. जमीन एकाची असेल, पाणी वाडीचे असेल, तर वाडीने बसून त्या मालकाशी बोलावे. त्याने रान राखायचे आणि वाडीने त्याच्या कामाला चार दिवस हात लावायचे, असा तोडगा निघू शकतो. आपल्या पूर्वजांनी देवराई राखली ती अशीच. तिच्या सावलीत पुष्कळ गावांचे झरे आजही टिकून आहेत.

वणवा लावू नका, लागू देऊ नका. पुढच्या वर्षी गवत चांगले येते या समजुतीने डोंगर पेटवला जातो, कधी भाजावळीची ठिणगी उडते, कधी विडीचे थोटूक पडते. एका दुपारच्या आगीत कित्येक वर्षांचा पाचोळा आणि कोवळी रोपे जळतात, कलमांच्या बागाही जातात. पौषातच बांधाच्या कडेने गवत कापून जाळरेषा काढावी. राबाला आग देताना वारा पडलेला असावा, दोन माणसे आणि पाणी जवळ असावे. राबासाठी ऐन-किंजळाची कवळे तोडताना झाडाचा शेंडा राखावा.

बागेतला पाचोळा जाळू नका. तो आंबा-काजूच्या आळ्यात पसरा. ओल टिकते आणि खतही होते.

पऱ्याला बांध घाला. पाऊस थांबला आणि धार बारीक होऊ लागली की सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालता येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पऱ्यातलेच दगडगोटे आणि प्लॅस्टिकचा कागद वापरून करायचा ‘कोकण विजय बंधारा’ सुचवला आहे. त्याची माहिती कृषी सहायकाकडे विचारा. वाडीतले पंधरा-वीस हात लागले तर एका दिवसात बांध उभा राहतो. त्याने खालच्या विहिरीला ओल मिळते, भाजीपाला निघतो, गुरांना पाणी होते. पाऊस सुरू होण्याआधी पोती काढून घ्यावीत.

मात्र एक इशारा : खड्या, दरडीच्या उतारावर आपल्या मनाने चर खणू नका. भुसभुशीत उतारात जास्त पाणी मुरले तर तो उतार घसरू शकतो. घरे खाली असतील तर जाणकाराला जागा दाखवल्याशिवाय कुदळ मारू नये.

चाकरमान्यांना दोन शब्द

मुंबई-पुण्याहून आलेल्या भावांनो आणि वहिनींनो, तुम्ही गावाला येता ते ऐन मे महिन्यात. गावात माणसे वाढतात आणि विहिरीचा तळ दिसतो, दोन्ही एकाच वेळी. तुमच्या येण्याने घर आनंदते. पण त्या आनंदात आजी किंवा काकू पहाटे चारला उठून झऱ्यावर नंबर लावते, हे तुमच्या लक्षात येत नाही. एक दिवस तिच्याबरोबर जा. मग मुलांना घेऊन डोंगरावर जा आणि ते पाणी येते कुठून ते दाखवा. वाडीच्या मंडळाची वर्गणी तुम्ही दरवर्षी देता. त्यातला काही भाग देवळाच्या रंगाबरोबर झऱ्याच्या टाकीलाही द्यावा. डोंगरावरचा तुमचा सामाईक सातबारा कोणी रान विकायला मागू लागला तर सही करण्यापूर्वी गावातल्या भावाला एकच विचारा, याच्या खाली झरा कोणाचा आहे?

उरलेले काम आपल्या हातचे

गंगोत्रीचे बर्फ मागे सरत चालले आहे, ही आज जगाची चिंता आहे. तेथील शेतकरी त्या बर्फाला एकट्याने राखू शकत नाही. त्याला वितळवणारी उष्णता साऱ्या जगाच्या धुरातून येते. आपले तसे नाही. आपल्या डोंगरातले पाणी राखण्याचे पुष्कळसे काम आपल्या कुऱ्हाडीत, काडेपेटीत आणि सहीत आहे.

तेव्हा यंदा एवढे करा. तुमच्या वाडीचा झरा किंवा पऱ्या ज्या दिवशी आटेल, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा लिहा. कॅलेंडर बदलले तरी ते पान जपून ठेवा. चार-पाच वर्षांनी त्या तारखा एकाखाली एक मांडून पाहा. तारीख पुढे सरकत गेली असेल तर समजा की डोंगर भरतो आहे. मागे येत असेल तर वाडीची बैठक बोलवा आणि पुढच्या पावसाची वाट न पाहता कामाला लागा.